लाल कांडी

सर्दीच होती.
वडगावात कोणाला नसते? सुताची कुसं नाकात,
भिंतीवर, भाकरीवर, देवाच्या फोटोवर.
भैरवी शिंकायची मागाच्या ठेक्यात
आणि आम्ही हसायचो.

गुरुवारी उजवा डोळा जरासा सुजला.
रांजणवाडी असेल, तिची आई म्हणाली.
शेजारच्या गंगव्वानं लवंग उगाळून दिली.
मी ओरडलो, चाचणी आहे म्हणून नाटकं करालीस.

शनिवारी पापणी उघडेना.
दोन बोटांनी उघडली, तर डोळा पुढं आलेला,
आतून कुणी ढकलल्यासारखा.
मी बोट फिरवलं, तो बोटामागं फिरेना.
"बाबा, तुम्ही दोन-दोन दिसालासा."

मोठ्या दवाखान्यात रात्रीचे साडेअकरा.
कान-नाक-घशाची डॉक्टर हुबळीकडची, पोरसवदा.
"नेगडी एष्टु दिन आतु?"
हत्तु दिन, मी म्हणालो. दहा.
दहाच्या दहा दिवस जिभेवर येऊन बसले.

लाल काही आहे का, तिनं विचारलं.
खिशात हात घातला. कांडी होती.
माझ्या खिशात एखादी असतेच,
काठाच्या लाल सुताची, अर्धी संपलेली.
हा डोळा झाक. केंपु? हो.
आता तो झाक.
भैरवी बराच वेळ बघत राहिली.
"धुतल्यागत दिसालंय," म्हणाली,
"चार-पाच धुण्यातनं काढल्यागत."

डॉक्टरचं माझ्यासाठी जपून वापरलेलं मराठी
एकदम उडून गेलं.
ती फोनवर भराभरा कन्नड बोलू लागली,
हळू आवाजात, मला कळू नये म्हणून,
आणि मला त्यातला शब्द न् शब्द कळत होता.

काळ्या फिल्मवर तिनं पेन टेकवलं.
हे नाक. हा डोळा. मध्ये हे हाड, कागदासारखं.
हाड आणि डोळा यांच्या फटीत पू साठलाय.
क्वचित होतं असं, म्हणाली. फार क्वचित.
कागद म्हणजे कसला, मी विचारलं,
वहीचा की पतंगाचा?
तिनं खरंच विचार केला.
पतंगाचा.

फॉर्म कन्नडात होता. सही मी मराठीत केली.
कारकुनानं मान वर केली नाही.
रात्री दोनला कुणाला पडलंय.

नाकातूनच जाणार होते, बाहेरून टाका नाही.
बाकड्यावर संकेश्वरचा एक म्हातारा
"एन आगंगिल्ल, एन आगंगिल्ल" म्हणत होता,
मला की स्वतःला, ठाऊक नाही.
मागाच्या आवाजाशिवाय मी फारशा रात्री काढलेल्या नाहीत.
धोटा एका बाजूला जातो
आणि परत येत नाही,
तेव्हा असं गप्प होतं सगळं.

पहाटे पावणेपाचला दार उघडलं.
"भैरवी कामकरचं कोण?"
उठलो तर पाय माझे नव्हते.

मग आठवडाभर शिरेतून औषध.
डोळा हळूहळू मागं गेला,
पंगतीतून उठलेलं माणूस
समजूत घातल्यावर परत पाटावर बसावं तसा.

आता रोज सकाळी तिला कांडी दाखवतो.
पुरे आता, डॉक्टरनं सांगितलंय. तरी.
हा झाक. आता हा. सारखंच?
"सारखंच ओ बाबा."

परवा मात्र कपाळाला आठी घातली.
"फिकं दिसालंय."
कुठल्यानं?
"दोन्हीनं."
बशीतला चहा माझ्या पायावर सांडला.
"लॉटच फिका आलाय तुमचा. परत द्या त्या इचलकरंजीवाल्याला."

दुपारी मागावर कुणी नसताना
खिडकीशी उभा राहून कांडी उजेडात धरली.
एक डोळा झाकला. मग दुसरा.
डाव्यातला लाल जरासा विटकरी.
कधीपासून, कोण जाणे.
मला कुणी विचारलंच नव्हतं.

लॉट मात्र खरंच फिका होता.
परत पाठवला.